तीन नंबरच्या ओव्हनचा खरा अलार्म

रत्नप्रभा काळमेघ यांना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. इंजिनिअरांपासून झाडूवाल्या बायांपर्यंत सगळे त्यांना दीदी म्हणत. छत्तीस वर्षांपूर्वी त्या विद्युत देखभाल विभागात लागल्या तेव्हा तिथं त्या एकट्याच बाई होत्या. एवढ्या पुरुषांत या मुलीला काय म्हणायचं, हा प्रश्न फोरमनला पडला आणि त्यानं दीदी म्हणून टाकलं. तेच पुढं टिकलं. वयानं मोठी माणसंही निवृत्त होईपर्यंत त्यांना दीदीच म्हणत राहिली.

वडील नारायणराव गावंडे मूळ नागपूरचे. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तशी सचिवालयातली कपाटं, फायली आणि कारकून मंडळीही गेली. त्यातच नारायणराव आले. जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये रत्नप्रभाबाईंचा जन्म झाला. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असं त्यांचं सगळं बालपण गेलं. मॅट्रिक झाल्यावर आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला जाते म्हणाल्या, तेव्हा आईनं दोन दिवस अबोला धरला. नारायणरावांनी मात्र अर्ज आणला आणि आपल्या वळणदार अक्षरात भरून दिला.

भोपाळच्याच कारखान्यात नोकरी लागली, पण पहिली तीन वर्षं त्यांना टूल-रूमच्या खिडकीत बसवलं होतं. पाने, पकडी, सुटे भाग द्यायचे आणि परत घ्यायचे. एका पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आलं, की एकच माणूस एकाच ओव्हनचा हीटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरसाठी महिन्यात तिसऱ्यांदा नवे पॉइंट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, न्यायला आला आहे. त्यांनी फोरमनला सांगितलं, "पॉइंट खराब नसतील. त्या ओव्हनच्या हीटरमध्येच काहीतरी जास्त करंट ओढत असेल." फोरमननं आधी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी हीटर उघडून बघितला, तर एक तार आतून भिंतीला चिकटून जळत होती. त्यानंतरच्या सोमवारी फोरमन स्वतः खिडकीशी आला आणि म्हणाला, "दीदी, टूल-रूमची किल्ली दुसऱ्या कुणाला द्या. तुम्ही शॉपमध्ये चला."

तिथून पुढं कॉइल वाळवण्याचे चार ओव्हन हे त्यांचं राज्य झालं. मोठ्या मोटरींच्या तांब्याच्या कॉइली हातानं गुंडाळायच्या, वार्निशमध्ये बुडवायच्या आणि मग ओव्हनमध्ये तासन्‌तास ठरलेल्या उष्णतेत ठेवायच्या. उष्णता कमी पडली तर वार्निश ओलं राहतं, जास्त झाली तर कॉइलीवरचं आवरण करपतं आणि मोटर वर्षभरात बसते. या ओव्हनचे हीटर चालू-बंद करणारे जुने कॉन्टॅक्टर खट्‌ खट्‌ वाजत. रत्नप्रभाबाई शॉपच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून नुसत्या आवाजावरून सांगत, दोन नंबरचा मधला कॉन्टॅक्टर अडकतोय म्हणून. लग्न झालं, टाऊनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, नवरा सुभाषराव सिंचन खात्यातून निवृत्त झाले, भोपाळच्याच शाहपुऱ्यात छोटंसं घर बांधून झालं. या सगळ्या काळात तो आवाज त्यांच्या कानात रोज होता.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना ओव्हनच्या विजेचं जुनं पॅनल निघालं आणि नवं आलं.

नव्या पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर नव्हते. त्यांच्या जागी चोवीस सॉलिड स्टेट रिले ओळीनं बसवलेले होते. त्यांच्यात हलणारा भागच नसतो. विजेची वाट उघडायचं आणि बंद करायचं काम आतला सिलिकॉनचा तुकडा करतो, त्यामुळे आवाज नाही, ठिणगी नाही, पॉइंट झिजायची भानगड नाही. शिवाय सगळे रिले एका केबलनं एकमेकांना जोडलेले. प्रत्येक रिले किती करंट वाहतोय, किती तापलाय, हे सारखं कळवत राहतो आणि काही बिघडलं तर अलार्म देतो. बसवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी दोन दिवसांत सगळं जोडलं, एका रविवारी, कारखाना बंद असताना, चालवून दाखवलं आणि ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. पॅनलच्या पडद्यावर लाल पट्टी आली. तिच्यावर इंग्रजीत एवढंच होतं, की अलार्म आहे. कुठला, कशाचा, काही नाही. ओव्हनवरचा ऑपरेटर अच्युत यानं धावत येऊन रत्नप्रभाबाईंना बोलावलं. त्यांनी हीटर तपासले, फ्यूज तपासले, सगळं ठीक. त्यांनी बटण दाबलं. भोंगा थांबला, लाल पट्टी पिवळी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. त्यानंतर अच्युत त्यांना बोलवेनासा झाला आणि स्वतःच बटण दाबू लागला.

"रोजचंच आहे हे, दीदी," तो म्हणे. "जेवण झालं की याला अलार्म येतोच. कशाला त्याचं टेन्शन घ्यायचं."

त्यांनीही तीन आठवडे टेन्शन घेतलं नाही. खरं सांगायचं तर त्या पॅनलकडे बघावंसंच त्यांना वाटत नव्हतं. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण बहिरे झालोय असं वाटे. जाडजूड इंग्रजी पुस्तिका कपाटात तशीच पडून होती. एकदा घरी जेवताना त्या सुभाषरावांना म्हणाल्या, "आठ महिने कसेबसे काढायचे. त्यानंतर तो पडदा आणि तो उदय साहेब, घेतील बघून एकमेकांना."

सुभाषराव भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तू कधी कशाला कसंबसं काढलंयस?"



उदय साहेब म्हणजे विभागाचे नवे इंजिनिअर. पुण्याचा मुलगा, वय एकोणतीस, बदली होऊन आलेला. वागायला नम्र, पण घाईत. एका गुरुवारी सकाळी त्यानं रत्नप्रभाबाईंना आणि अच्युतला आपल्या टेबलाशी बोलावलं.

"काळमेघ मॅडम, सोमवारी तीन नंबरला ती मोठी कॉइल चढतेय," तो म्हणाला. "वाइंडिंगवाल्यांचं दोन महिन्यांचं काम आहे. मध्येच भोंगा वाजून कुणी गोंधळात ओव्हन बंद केला तर पंचाईत. कंपनीचा माणूस यायला अजून दहा दिवस लागणार. तोवर मी भोंगा आणि ती पट्टी, दोन्ही बंद करून ठेवतो."

अच्युतनं सुटकेचा श्वास सोडला. रत्नप्रभाबाई मान डोलावणार होत्या, पण ती कॉइल त्यांनी कालच बघितली होती. आठ माणसं तिच्याभोवती बसून हातानं टेप गुंडाळत होती, एकेका वळणावर बोट फिरवून सुरकुती तर नाही ना ते बघत होती.

"साहेब, अलार्म येतो कशामुळे, ते कळलंय का आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण हीटर सगळे चांगले आहेत, तुम्हीच तपासलेत ना?"

"हीटर तपासले. रिले नाही तपासले. तीन आठवडे आपण नुसतं बटण दाबलंय." हे बोलताना त्यांचे कान तापले. "मला आजचा दिवस द्या. उद्या सकाळी तुम्ही काय ते बंद करा."

उदयनं घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ठीक आहे. उद्या दहाला मला सांगा."

रत्नप्रभाबाईंनी कपाटातून पुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून पॅनलसमोर बसल्या. इंग्रजी त्यांना सावकाश येत असे, पण येत असे. अलार्मचं प्रकरण उघडलं आणि पहिल्याच पानावर त्या थबकल्या. प्रत्येक रिलेवर एक बारीक लाल दिवा असतो. अलार्म आला की तो लुकलुकतो, आणि किती वेळा लुकलुकून थांबतो त्यावरून बिघाड कोणता ते कळतं. खाली तक्ता दिला होता. पडद्यावर सगळ्यांची मिळून एकच लाल पट्टी दाखवायची सोय केली होती, पण आत प्रत्येक रिले आपापलं कारण वेगळं सांगत होता. तीन आठवडे कुणी पॅनलचं दार उघडून बघितलंच नव्हतं.

"अच्युत, कागद-पेन घे," त्या म्हणाल्या. "आज बटण दाबायचं नाही. भोंगा वाजू दे."

दुपारी पावणेदोनला भोंगा वाजला. बाईंनी दार उघडलं. आत चोवीस रिले आणि चोवीस लाल दिवे. एकदम बघितलं तर नुसता लखलखाट दिसत होता. त्यांनी पहिल्या रिलेवर बोट धरलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, थांबला. पुन्हा चार. अच्युतनं लिहिलं. दुसरा, चार. तिसरा, चार. दहाव्यापर्यंत सगळे चारच. अकराव्या रिलेचा दिवा दोनदाच लुकलुकला आणि थांबला.

बाईंनी पुन्हा मोजलं. दोनच.

"चुकला असेल तो," अच्युत म्हणाला.

"लिही तू. दोन."

उरलेले तेराही चारवर होते. त्यांनी तक्त्यात बघितलं. चार म्हणजे करंट, बसवताना रिलेला नेहमीचा म्हणून शिकवलेल्या आकड्यापेक्षा कमी. दोन म्हणजे रिलेला बंद राहायचा हुकूम असताना त्यातून करंट जातोय.

आधी त्या चारांच्या मागे लागल्या. तेवीस रिलेंचे हीटर एकाच वेळी कसे तुटतील? आणि तेही रोज दुपारी? त्यांनी मीटर लावून लाइनचा व्होल्टेज बघितला. दोनशे चौदा. सकाळी त्यांनी बघितला होता तेव्हा दोनशे छत्तीस होता. त्यांनी शेजारच्या टेस्टिंग विभागात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "हो, दीड-पावणेदोनला आम्ही मोठी मोटर चालवतो. साडेतीनला बंद करतो. महिनाभर हेच चाललंय."

व्होल्टेज उतरला की हीटरचा करंटही उतरतो, हे तर कुठल्याही इलेक्ट्रिशियनला ठाऊक असतं. पण रिलेला करंट शिकवला होता रविवारी, सगळा कारखाना बंद असताना. त्या दिवशीचा आकडा कंपनीच्या माणसानं पुस्तिकेच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवला होता, दोनशे सेहेचाळीस व्होल्ट. म्हणजे रिलेच्या मते हीटरनं रोज तेवढाच करंट घ्यायला हवा. दुपारी तो दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला, की बिचारे तेवीस रिले इमानदारीनं ओरडत होते. व्होल्टेज उतरला तर तेवढी सूट द्यायची सोय रिलेत होती, पान चाळीसवर तिची माहितीही होती. ती चालू करायची राहून गेली होती, इतकंच.

साडेतीनला टेस्टिंगची मोटर बंद झाली. व्होल्टेज वर आला, एकेक दिवा शांत झाला. अकरावा मात्र दोनदा लुकलुकतच राहिला.

नकाशात बघितलं, तर अकरावा रिले तीन नंबर ओव्हनच्या तळाच्या सहा हीटरांचा. ओव्हन तेव्हा रिकामा होता. बाईंनी तो पडद्यावरून पूर्ण बंद करायला लावला. अकराव्याचा, चालूचा हुकूम दाखवणारा हिरवा दिवा विझला, म्हणजे बंद राहायचा हुकूम पोचला होता. मग त्यांनी करंट मोजायचा चिमट्यासारखा टाँग टेस्टर त्याच्या तारेभोवती अडकवला. काट्याऐवजी आकडे दाखवणारा नवा टेस्टर होता तो. अठरा अँपिअर.

अच्युत वाकून बघत होता. "बंद आहे ना तो?"

"हुकूम बंदचा आहे. तो बंद झालेला नाही. आतून शॉर्ट झालाय, त्याला आता बंदच होता येत नाही."

"पण ओव्हन तर रोज बरोबर चालतोय, दीदी."

"चालणारच. रोजच्या कॉइली दीडशे अंशाला असतात, तिथं सगळेच हीटर जवळपास सारखे चालू. तळाचे जास्त चालले तर बाकीचे थोडे कमी चालतात, भागून जातं." त्या बोलता बोलता थांबल्या. सोमवारच्या कॉइलीचं कार्ड त्यांनी वाचलं होतं. तिला आधी अठरा तास फक्त ऐंशी अंशावर ठेवायचं होतं, वार्निशमधला ओलावा हळूहळू निघावा म्हणून. ऐंशी अंशाला बाकीचे हीटर जवळजवळ बंदच राहणार, आणि तळाचे तेवढे अठरा तास पूर्ण जोरात. ओव्हनची संरक्षक यंत्रणा वीज तोडते ती दोनशे अंशाला. तापमान मोजणारी तार ओव्हनच्या मध्यावर. तळाकडची कॉइल करपली असती आणि पडद्यावर काही दिसलं नसतं. आणि भोंगा तर उद्यापासून बंदच राहणार होता.

अच्युतचा चेहरा उतरला. "दीदी, ही लाल पट्टी मागच्या आठवड्यात सकाळी पण आली होती. टेस्टिंग चालू व्हायच्या आधी. मी बघितली होती, आणि..."

"आणि दाबलंस. मीही दाबलं." त्यांनी त्याच्या हातात टेस्टर दिला. "परत लाव बरं, तुझ्या हातानं. आणि आकडा लिहून खाली सही कर."

पॅनलची वीज तोडून, कुलूप लावून त्यांनी अकरावा रिले काढला. त्याच्या पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये वार्निशची चिकट धूळ गच्च बसली होती. खालचा पंखा त्याच धुळीनं अर्धा अडकलेला. गार व्हायला वाटच नव्हती, तापून तापून तो गेला होता. शेजारचे दहावा आणि बारावाही त्याच वाटेवर होते. स्टोअरमधून नवा रिले आणला, बाकीचे सगळे ब्रशनं साफ केले, पंखा बदलला, जाळी धुतली. निघायला संध्याकाळचे सहा वाजले. हात काळे झाले होते, कंबर बोलत होती. स्कूटर सुरू करताना बाईंच्या लक्षात आलं, की आज दिवसभरात त्यांना त्या जुन्या खट्‌खटीची एकदाही आठवण झाली नव्हती.

शुक्रवारी दहा वाजता त्यांनी उदयच्या टेबलावर काढलेला रिले आणि अच्युतचा कागद ठेवला. उदयनं कागद दोनदा वाचला.

"म्हणजे तेवीस खोटे आणि एक खरा," तो हळू आवाजात म्हणाला.

"खोटा कुठलाच नाही, साहेब. तेवीस जण सांगत होते की करंट कमी आहे, आणि तो कमी होताच. आपण त्यांना चुकीच्या दिवशी शिकवलं, एवढंच."

उदयनं तो रिले उचलून पात्यांमधली चिकट धूळ बोटानं खरवडून बघितली. मग म्हणाला, "मी आज भोंगा बंद करणार होतो, ताई." मॅडमवरून तो ताईवर कधी आला, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"केला नाहीत ना. मी मागितला तो दिवस तुम्ही दिलात."

त्या दिवशी दोघांनी मिळून व्होल्टेजची सूट चालू केली आणि चालू कामाच्या वेळी सगळ्या रिलेंना करंट पुन्हा शिकवला. उदयनं भीत भीत विचारलं, मर्यादा दहा टक्क्यांवरून तीसवर नेऊया का, म्हणजे कटकट राहणार नाही. बाईंनी नको म्हटलं. एका रिलेवर सहा हीटर. त्यातला एक तुटला तर करंट सोळा-सतरा टक्क्यांनी उतरतो. तीसवर नेलं तर तुटलेला हीटर कधी दिसणारच नाही. उदयनं वहीत लिहून घेतलं.

दुपारी दीड वाजता टेस्टिंगची मोटर सुरू झाली. अच्युत पॅनलसमोर हाताची घडी घालून उभा होता. पावणेदोन झाले, दोन झाले. पडदा हिरवाच राहिला.

सोमवारी मोठी कॉइल तीन नंबरमध्ये चढली आणि चौथ्या दिवशी बाहेर आली. वाइंडिंगची आठही माणसं बघायला आली होती. तळाकडून वरपर्यंत एकसारखा मधासारखा रंग. त्यातल्या एकानं कॉइलीवर हात फिरवला आणि तो आपल्या जागी निघून गेला.

कंपनीचा माणूस आला तेव्हा उदयनं त्याला रत्नप्रभाबाईंच्या शेजारी बसवलं. पडद्यावर आता प्रत्येक रिलेचा नंबर आणि त्याचं कारण वेगळं यावं असं बाईंनी सांगितलं, आणि तेही हिंदीत. वाक्यं त्यांनीच लिहून दिली. ग्यारहवाँ रिले बंद नहीं हो रहा, ओवन में माल न चढ़ाएँ. अशी नऊ वाक्यं. त्या माणसानं विचारलं, एवढं लांब कशाला? अच्युत मध्येच बोलला, "लांब राहू द्या. छोटं आम्ही वाचत नाही."

उरलेले सात महिने कसेबसे काढायची वेळच आली नाही. आधी ओव्हनवाल्या तीन पाळ्यांना शिकवलं, मग शेजारच्या विभागातून बोलावणं आलं, कारण तिथंही तसलंच पॅनल बसत होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पंखे आणि जाळ्या साफ करायचा नियम झाला. नियमाच्या कागदावर देखभाल प्रमुखांनी रत्नप्रभाबाईंचं नाव घातलं. त्यांनी खाली अच्युतचंही घालायला लावलं.

जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. शाहपुऱ्याच्या घरात सामान लावून जेमतेम महिना झाला असेल, तोच कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रातून पत्र आलं. आठवड्यातले दोन दिवस इलेक्ट्रिशियनच्या नव्या तुकडीला शिकवाल का म्हणून. तुकडीत एकोणीस जण होते, त्यात सात मुली. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलावर एक रिले, एक दिवा आणि एक टाँग टेस्टर ठेवला आणि मागच्या बाकावरच्या मुलीला पुढं बोलावलं. "हा बंद आहे असं तो सांगतोय," त्या म्हणाल्या. "तू विश्वास ठेवशील?" मुलीनं जरा विचार केला आणि टेस्टर उचलला.

दिवाळीनंतर एका सकाळी उदयचा फोन आला. सुभाषराव अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. त्यांनी आत आणून फोन बाईंच्या हातात दिला.

"ताई, पाच नंबरचा ओव्हन घ्यायचं चाललंय," उदय म्हणाला. "पॅनलचे नकाशे आलेत. ऑर्डर देण्याआधी तुम्ही एकदा बघाल का? पंख्याची जागा मला जरा खालीच वाटतेय."

"धूळ खालीच बसते," बाई म्हणाल्या. "मंगळवारी येते. सोमवारी माझा वर्ग आहे."